अकरा विहिरींची हरकत

डोंगराची फाइल टेबलावर आली तेव्हा तिने अर्ज बाजूला सारून आधी नकाशा उघडला. नगररचना कार्यालयात बारा वर्षं ती नकाशेच काढत होती. अर्जात माणसं काहीही लिहितात, खरं काय ते नकाशा बोलतो, असं तिचं मत होतं.

एका कंपनीला शहरालगतच्या डोंगरावर दगडाची खाण सुरू करायची होती. डोंगर हरित पट्ट्यात होता. तो पट्टा बदलावा आणि खाणीला परवानगी द्यावी, एवढंच मागणं. तिचं काम ठरलेलं होतं. खाणीच्या हद्दीपासून पाचशे मीटरवर रेघ मारायची आणि आत घरं, शाळा, रस्ते, पाणी काय काय येतं ते दाखवायचं. कंपनीने घरं दाखवली होती, शाळाही दाखवली होती. जलस्रोतांच्या रकान्यात मात्र एकच शब्द होता: निरंक.

तिने कार्यालयाची नोंदवही काढून पाहिली. त्या भागात खरोखरच एकही विहीर नोंदलेली नव्हती. आणि खोटं कशाला बोला, तिला बरंच वाटलं.

कारण तिचा नवरा पोकलेन चालवायचा. चार वर्षं तो बारा तासांच्या अंतरावर एका धरणाच्या कामावर होता. वर्षातून तीनदा यायचा, पहिला दिवस झोपण्यात जायचा, शेवटचा बॅग भरण्यात. ही खाण झाली तर इथल्याच माणसांना कामावर घेऊ, असं कंपनीने सांगितलं होतं आणि यादीत त्याचं नाव चौथं होतं. घरापासून खाण सायकलवर वीस मिनिटं. संध्याकाळी दाराशी त्याचे बूट दिसतील, या एका विचारावर ती महिनाभर खुशीत होती.

घरात ती आणि तिचे सासरे, दोघंच. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विहिरी खोदल्या. दिवसचे दिवस जमिनीखाली असायचे म्हणून गल्लीत त्यांना पाताळकाका म्हणत. ती त्यांना आबा म्हणायची. हल्ली त्यांचं विसरणं वाढलं होतं. चहा पिऊन झाला की पाच मिनिटांनी विचारायचे, "आज चहा नाही का?" ती म्हणायची, "आहे की," आणि अर्धा कप पुन्हा टाकायची.

त्या संध्याकाळी जेवताना ती सहज म्हणाली, "डोंगराची फाइल आली आज, आबा."

"कुठल्या अंगाला खणणार?"

"पूर्वेच्या."

त्यांचा घास हातातच राहिला. "पूर्वेला कसं खणतील? तिथे माझ्या अकरा विहिरी आहेत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते असं. नोंदवहीत नसलेल्या विहिरी तिच्या समोर बसून जेवत होत्या.

"नोंदवहीत तर एकही नाही."

"नोंदवही नंतर आली, पोरी. विहिरी आधीच्या. परसात खोदलेल्या. लोकांनी पाणी प्यायलं, नोंद कोण करतंय?" एवढं बोलून त्यांनी घास तोंडात घातला आणि विषय संपवला.

त्यांचा संपला, तिचा नाही. नियम तिला पाठ होता. नोंद नसलेली विहीर धरायची तर कोणीतरी मुदतीत लेखी हरकत घ्यायला हवी आणि विहीर जागेवर दाखवायला हवी. मुदतीचे एकोणीस दिवस उरले होते. आबांना हे ठाऊक नव्हतं. ती बोलली नसती तर कोणालाच कळलं नसतं. खोटं तर ती काहीच लिहीत नव्हती. नोंदवहीत निरंक, नकाशात निरंक.

दोन दिवस ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी पेठेतल्या बेकरीवाल्या मावशींकडून ती पाव घेत होती. मावशी कणीक मळायला मागच्या विहिरीचंच पाणी घ्यायच्या. बादली ठेवत म्हणाल्या, "काय गं, काकांची तब्येत काय म्हणते? त्यांनी ही विहीर खोदली तेव्हा मी पोटुशी होते बघ. पहिला तांब्या त्यांनी मला दिला, 'होणाऱ्या आईला आधी' म्हणाले." मावशींचं घर त्या पाचशे मीटरच्या रेघेच्या आत होतं. ती रेघ तिनेच मारली होती.

घरी येऊन तिने पिशवीही खाली ठेवली नाही. "आबा, तुम्हाला हरकत घेता येते. विहिरी दाखवाव्या लागतील." मग एका दमात पुढचंही सांगून टाकलं. "पण खाण अडली तर तुमचा मुलगा घरी येणार नाही."

आबांनी तिच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्याने मला सांगितलंय. यादीत चौथं नाव." मग म्हणाले, "तुला काय वाटतं?"

चार वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिला रडू आलं. "मला तो घरी हवाय," ती म्हणाली. "आणि मावशींची विहीर आटायलाही नकोय."

"मग आपण विहिरी दाखवू," आबा म्हणाले. "त्याचं काय करायचं ते नंतर बघू. एका वेळी एक खड्डा."

दुसऱ्या दिवशी तिने कार्यालयप्रमुख मॅडमना सांगून टाकलं की हरकत घेणारा माणूस माझ्या घरातला आहे. मॅडमनी चष्मा काढला, थोडा विचार केला आणि फाइल तिच्याकडून काढून घेतली. "बरं केलंस सांगितलंस. आता सुनावणीत तू मागच्या खुर्चीवर. एक शब्द बोलायचा नाही." शेजारच्या टेबलावरचा कारकून हळूच म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घेतेस?" ती म्हणाली, "भांडण पाण्याचंच आहे."

दोन रविवार ते दोघं फिरले. आबा पुढे, काठी टेकत. ती मागे, वही घेऊन. घरमालकांची नावं त्यांना आठवत नव्हती. ज्या घरी दहा वर्षं जाणं-येणं, तिथेही ते "हे कोणाचं घर?" विचारायचे. पण विहिरीच्या कठड्यावर हात ठेवला की माणूस बदलायचा. "ही बेचाळीस फूट. वर मुरूम, मग लाल माती, तिसाव्या फुटावर काळा दगड. इथे माझा अंगठा चेचला." ती लिहून घ्यायची. लोक चहा विचारायचे, आबा प्रत्येक घरी घ्यायचे आणि पुढच्या घरी म्हणायचे, "सकाळपासून चहा नाही."

नऊ विहिरी सापडल्या. दहावी एका गॅरेजच्या फरशीखाली निघाली, झाकण लावलेली. अकरावी मात्र सापडेना. दुसऱ्या रविवारी ऊन कलायला लागलं तेव्हा आबा एका भिंतीशी थांबले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि काठी टाकून खाली बसले.

"गेली," ते म्हणाले. "डोक्यातून गेली."

तीही त्यांच्या शेजारी धुळीत बसली. "दहा पुष्कळ झाल्या, आबा."

"अकरा म्हणजे अकरा. एक विसरली म्हटल्यावर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवेल? उद्या दुसरी जाईल. परवा तिसरी." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मग तूही जाशील."

तिने त्यांचा हात हातात घेतला. सासरा आणि सून, एरवी असं कधी बसले नव्हते. "मी रोज चहा टाकते ना? रोज सांगेन मी कोण ते. एकदा नाही, दोनदा सांगेन." आबा हसले. तिने वहीत लिहिलं: सापडल्या दहा, अकरावी आहे, जागा आठवत नाही. जसं होतं तसं. त्या यादीसकट आबांची लेखी हरकत मुदतीत दाखल झाली.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. समोर मॅडम, बाजूला कंपनीचा इंजिनिअर. तरुण होता, सभ्य होता, त्याच्यासमोर नीट लावलेले कागद होते. आबांना पुढे बोलावलं. ती ठरल्याप्रमाणे मागच्या खुर्चीवर बसली.

इंजिनिअरने नम्रपणे विचारलं, "काका, पहिली विहीर कोणत्या साली खोदली?"

आबांनी बोटांवर मोजून पाहिलं. साल आठवेना. मालकाचं नाव आठवेना. सभागृहात खुर्च्या करकरल्या. कोणीतरी पुटपुटलं, "म्हाताऱ्याला कशाला उभं केलंय?" आबांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. उत्तर तिच्या वहीत होतं, जिभेवर होतं. तिने ओठ आवळून धरले आणि फक्त मान हलवली, असू दे, म्हणून.

इंजिनिअर त्यांच्याकडे बघत होता. मग त्याने कागद खाली ठेवला. "साल राहू द्या, काका. खाली दगड कसा लागला?"

आबांची पाठ सरळ झाली. "तिरका," ते म्हणाले. "सगळीकडे तिरका. डोंगराकडून शहराकडे उतरत येतो. आणि त्यात भेग आहे, हात आत जाईल एवढी. तीच भेग दर विहिरीत लागते. डोंगराला जितकं जवळ जाल तितकी वर लागते. पाणी तिथून येतं. तुम्ही वर सुरुंग लावलात तर भेग हलेल. पाणी मग कुठे जाईल ते मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही सांगू शकत नाही."

इंजिनिअर लिहायचा थांबला. "प्रत्येक विहिरीत किती फुटांवर लागली, सांगाल?"

आबांनी सांगितलं. एकेक करून दहा. इंजिनिअरने आपल्या नकाशावर ते आकडे मांडले, पट्टीने जोडले, आणि पट्टीकडे बघतच राहिला. सगळे आकडे एका उतारावर आले होते. "मॅडम," तो म्हणाला, "हे आमच्या अहवालात नाही. असायला हवं होतं." त्याच्या शेजारी बसलेल्या कंपनीच्या साहेबांचा चेहरा पडला. इंजिनिअरने मात्र शब्द मागे घेतला नाही.

मागून बेकरीवाल्या मावशी उभ्या राहिल्या. "अकरावी माझ्या माहेरी आहे," त्या म्हणाल्या. "भाऊ भाडेकरूंना कपडे वाळत घालू देतो, त्या चौकात. विहिरीच्या झाकणावर पिंपं ठेवलीत. काका, तुम्ही दोनदा तिच्यावरूनच गेलात!" सभागृहात हशा पिकला, आणि आबाही हसले, डोळे पुसत.

निकाल दोन महिन्यांनी लागला. पूर्वेचा उतार हरित पट्ट्यातच राहिला. पश्चिमेला छोट्या खाणीला परवानगी मिळाली, तीही सुरुंग न लावण्याच्या अटीवर. अकरा विहिरी नोंदवहीत चढल्या. मोठी यंत्रं येणार नव्हती, म्हणून कामाची यादी चौदावरून तीनवर आली. चौथं नाव गेलं.

नवरा चार दिवसांच्या सुट्टीवर आला. चिडला नाही. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. "मी तुझ्या जागी असतो तर तेच केलं असतं," तो म्हणाला आणि बूट काढत बराच वेळ नाडीशी खेळत बसला. "फक्त थकलोय गं."

ती म्हणाली, "धरणाजवळच्या शहरात आमच्या खात्याचं कार्यालय आहे. बदली मागता आली असती मला. पण आबांना इथून हलवायचं कसं?"

"तेच ना," तो म्हणाला. "म्हणून मी कधी विषय काढला नाही."

"मीही नाही."

आबा खिडकीशी बसले होते. कानाला कमी ऐकू येतं असा त्यांचा लौकिक होता. "मला विचारलंत का कधी कोणी?" ते म्हणाले.

दोघं त्यांच्याकडे वळले.

"तू मला सोडून जात नाहीस, तो मला इथून हलवत नाही. आणि मी इथे कशाला बसलो होतो? विहिरी कुठे आहेत ते दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं म्हणून. आता सरकारला माहीत आहेत. मला काय झाडासारखी मुळं फुटलीत?" मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तिथे चहा बरा मिळतो ना?"

बदलीला सात महिने लागले. नवं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पहिल्या आठवड्यात आबा रोज सकाळी विचारायचे, आपण कुठे आलोय? ती दोनदा सांगायची. मग ते जिन्यातल्या शेजाऱ्यांशी गप्पा मारायला लागले आणि विचारणं कमी झालं. पूर्ण थांबलं नाही.

नव्या घरातल्या पहिल्याच कामाच्या दिवशी ती नव्या कार्यालयातून लवकर घरी आली होती. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर जिन्यात जड पावलं वाजली. इतकी वर्षं तिने या वेळेसाठी किती बोलणं जमवून ठेवलं होतं. दार उघडलं. तो धुळीने माखलेला, डबा हातात, तिच्याकडे बघत उभा.

"हात धुऊन घे," ती म्हणाली, आणि हसत त्याच्या हातातला डबा घेतला.