दुधाचा माग

शाल्मली रेडीजनं ज्या सील मादीच्या पाठीवर माग काढणारं यंत्र चिकटवलं होतं, ती मादी सोमवारी दुपारी शाल्मलीच्याच घरी, चिपळूणला पोचली.

पडद्यावरचा लाल ठिपका दक्षिणेच्या थंडगार समुद्रातून निघाला, दाभोळच्या खाडीत शिरला, वाशिष्ठीतून वर सरकला आणि तिच्या मागच्या अंगणात येऊन थांबला.

"यंत्र बिघडलंय," शाल्मली म्हणाली.

तिचे वरिष्ठ, मोघेसर, चहात बिस्कीट बुडवत होते. "यंत्र चोख आहे. मादी चरायला गेलीय. पाजणारी आई खाण्यासाठी कुठवर जाते, हेच तर शोधायला आलोय आपण."

दक्षिण समुद्रातल्या त्या बेटावर काळे गोटे, वारा आणि फर सीलच्या माद्या सोडल्या तर काहीच नव्हतं. पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून मादी समुद्रात जाते, मासे खाऊन परत येते, पाण्यातूनच हाका मारते आणि एवढ्या पिल्लांमधून नेमकं तिचंच पिल्लू ओ देतं. मग ती त्याचा वास घेते, आणि वास परका लागला तर दात दाखवून हुसकावून लावते. त्याचा अभ्यास करायला शाल्मली स्वतःची तान्ही बिट्टी नवऱ्याच्या आणि नणंदेच्या हवाली करून आली होती. लोक काय म्हणाले ते सोडाच, तिचं तिलाच फार वाईट वाटत होतं. आपण परत जाईपर्यंत पोर आपल्याला विसरून जाईल, ही भीती काही केल्या तिची पाठ सोडत नव्हती.

ठिपका आठवडाभर अंगण आणि खाडी यांच्यातच फिरत राहिला, तेव्हा तिनं घरी, नवऱ्याला फोन लावला.

"हृषीकेश, घरी कोणी आलं होतं का रे?"

"ती बाई ना? तूच पाठवलीस ना तिला?"

"कोण बाई?"

"बिट्टीला पाजायला येते ती. गरीब आहे गं, बोलत नाही. केस तेवढे सदा ओले."

मग नणंदेनं, कुंदाताईंनी, फोन ओढून घेतला. "अगं, सोन्यासारखी बाई आहे हो! पोरीला पाजते, अंगणात जरा आडवी होते, की चालली खाडीकडे. चहासुद्धा घेत नाही. बिट्टी कशी गुटगुटीत झालीय, बघशील तर ओळखणार नाहीस!"

शाल्मलीच्या मनात पाल चुकचुकली. नवऱ्याबद्दल वाईट शंका घ्यायला बायकोला फार लांब जावं लागत नाही, आणि ही तर पृथ्वीच्या टोकाला बसली होती. ओले केस म्हणे! मग तिला कुंदाताईंचा संशय आला. निघताना त्या एवढ्या गोड का वागल्या होत्या? मग मोघेसरांचा आला. एवढी अजब गोष्ट घडूनही या माणसाच्या हातातलं बिस्कीट हललं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मुरत होतं ते तिच्याच स्वेटरमध्ये. त्या थंडीत गोंद गोठतो, म्हणून मादी धरेपर्यंत गोंदाची नळी आणि यंत्र छातीशी ऊब देऊन ठेवायची बेटावरच्या सगळ्यांची पद्धत होती. शाल्मलीनंही तेच केलं होतं. पण तिचं दूध अजून आटलं नव्हतं. यंत्र बाहेर काढलं तेव्हा ते ओलं होतं. तिनं ते बाहीला पुसलं, चिकटवलं आणि कोणाला सांगितलं नाही. मादीनं मान वळवून स्वतःच्या पाठीचा बराच वेळ वास घेतला होता आणि मग पिल्लाकडे न बघता ती सरळ पाण्यात शिरली होती.

"सर, ती परत आली की यंत्र काढून टाकूया."

"छे! इतक्या लांब चरायला गेलेली मादी आजवर कोणी पाहिलेली नाही."

"ती माझ्या मुलीला पाजतेय, सर."

"उत्तम. मुलीचं वजन मागवून घे."

मादी बेटावर परत आलीच नाही. तिचं पिल्लू वाळत चाललं. ते शाल्मलीच्या मागे मागे फिरू लागलं आणि तिच्या बाहीला तोंड लावू लागलं. पिल्लांच्या भानगडीत पडायचं नाही असा नियम होता. पण एका सकाळी ती खडकाआड बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वेटर वर केला. मरू कसं द्यायचं त्याला? पिल्लू चुपूचुपू प्यायला लागलं तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. त्यानंतर ते हाक मारायचं आणि ती जायची.

पुढच्या फोनवर तिनं बिट्टीच्या कानाला फोन लावायला सांगितलं.

"बिट्टी! बिट्टुले! ओ दे ना आईला!"

बिट्टी गप्प. तेवढ्यात घरामागून, खाडीच्या अंगानं, कोणीतरी हाक मारली आणि बिट्टी आनंदानं चिरकली. शाल्मलीला तो हाक मारणारा आवाज ताबडतोब ओळखू आला. तो तिचा स्वतःचा होता.

"सर, मला घरी जायचंय."

"जहाज मोसम संपल्यावर," मोघेसर म्हणाले.

मग ती किनाऱ्याकिनाऱ्यानं चालतच निघाली. पिल्लू बरंच अंतर ओरडत मागे आलं. तिनं वळून पाहिलं नाही. दुपार कलायच्या आत काळे गोटे संपले आणि वाशिष्ठीचा चिखल लागला.

अंगणाच्या कडेला हृषीकेश दुर्बीण घेऊन बसला होता. कुंदाताईंच्या हातात वजनाचा ताणकाटा होता.

"तिथेच थांब," हृषीकेश म्हणाला. "एकदम जवळ जाऊ नकोस."

"अरे, माझी मुलगी आहे ती!"

"असेल. हाक मार आधी."

अंगणाच्या मध्यभागी बिट्टी उघडीच पालथी पडली होती. अंग तुकतुकीत आणि गोलमटोल, पाठीवर दाट मऊ लव. आता पोरीनं ओ दिली नाही तर जगून करायचं काय?

"बिट्टी!" तिनं हाक मारली. "बिट्टुले!"

बिट्टीनं डोकं उचललं, तिच्याकडे पाहिलं आणि मोठ्यांदा ओ दिली. मग हातांवर अंग ओढत भरभर तिच्याकडे येऊ लागली. आठवलं! पोरीला आठवलं! शाल्मली हसत, रडत तिथेच गुडघ्यांवर बसली. उगाच जिवाला घोर लावून घेतला होता. बिट्टी तिच्या मांडीशी पोचली आणि दोन्ही हात वर करून थांबली.

"आता वास घे," कुंदाताई म्हणाल्या. "मग उचल."

शाल्मलीनं तिच्या टाळूला नाक लावलं. मासळी, खारं पाणी, परक्या दुधाचा उग्र दर्प. तिनं कानामागे हुंगलं, मानेच्या वळीत हुंगलं, बगलेत हुंगलं. तिच्या मानेवरचे केस ताठ झाले. वरचा ओठ आपोआप मागे सरकला आणि दात उघडे पडले.

"घे ना तिला," हृषीकेश दुर्बिणीतून बघत म्हणाला.

बिट्टी हात वर करून हसत होती. शाल्मलीनं मान खाली झुकवली आणि तिच्या घशातून बारीक गुरगुर बाहेर पडली.