लाल पिलांची मरळ

मला राग आला की मी चष्मा पुसतो. बोलत नाही. त्या सकाळी मी तो इतका पुसला की माझी बायको गिरजाबाई म्हणाली, "काच झिजून जाईल आता. काय झालं ते बोला ना."

आदल्या संध्याकाळी राइस मिलवाले बापूराव घरी येऊन गेले होते. जिल्ह्याहून वीज बोर्डाचे साहेब येणार, त्यांना मासे धरायची हौस, तेव्हा मी माझी गळाची विलायती काठी घेऊन तलावावर हजर राहावं, असं ते सांगून गेले. मिलच्या नव्या वीजलाइनीचं काम साहेबांच्या सहीवर अडलं होतं.

"लाल पिलावाली मरळ दिसून राह्यली शिंगाड्यापाशी," ते म्हणाले. "तुमच्या रबराच्या गांडुळानं पाच मिन्टाचं काम हाय, गुरुजी."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी "बरं" म्हणालो.

मी गुरुजी नाही. मूल गावच्या हायस्कुलात ग्रंथालय सांभाळून निवृत्त झालो, एवढंच. माझा पुतण्या श्रीहरी कॅनडात असतो. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, तो तीन तुकड्यांची काठी, केसासारखा दोरा, मऊ रबरी गांडुळं आणि एक पुस्तक देऊन गेला. पुस्तक तिकडच्या थंड, खडकाळ नद्यांमधल्या लहान तोंडाच्या बास माशाबद्दल होतं. तो मासा आपल्याकडे नाही. पण पुस्तकातली रीत मला आवडली. खेचाखेच नाही. गांडूळ अलगद सोडायचं, आपोआप बुडू द्यायचं, काठीचं टोक जेमतेम थरथरवायचं आणि वाट पाहायची. मासा इतक्या हलक्यानं धरतो की दोरा फक्त एका बाजूला कलतो. गांडुळांचं पहिलं पाकीट उन्हाळ्यात प्लास्टिकच्या डबीत वितळून डबीलाच चिकटलं. उरलेली मी लोणच्याच्या बरणीत ठेवली. आयुष्यात मला जमण्याजोगं एखादं काम सापडलं, असं तेव्हा वाटलं होतं. खात्री नाही.

तलाव ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीकडे होता आणि त्यावर त्यांच्यातल्या चैतूचं लक्ष असे. मरळीची पिलं लाल असतात. श्वास घ्यायला त्यांचा थवा वर आला की पाणी तेवढ्या जागी लालसर उकळल्यासारखं दिसतं. खाली आईबाप राखण करतात. त्या दिवसांत मरळ खात नाही, पण पिलांजवळ काही आलं की तोंडात धरून दूर नेते. त्यांतलं एक जरी गेलं, तरी बाकीचे मासे संध्याकाळपर्यंत पिलं संपवतात. म्हणून लाल पिलं असली की तिथं कोणी गळ टाकत नाही. चैतूच्या बापानं हे पाळलं, गावानं पाळलं. बापूरावांनीही पाळलं होतं.

साहेब बापूरावांबरोबर जीपनं तलावावर आले. चैतू पाळीवर, तलावाच्या बांधावर, जाळं सांधत बसला होता, तो उठला नाही. साहेबांनी काठी घेतली आणि गांडूळ असं फेकलं की पाण्यावर चापट बसल्यासारखा आवाज झाला. पिलं बुडाली, थोड्या वेळानं पुन्हा वर आली. आणखी दोनदा तेच झालं, आणि साहेब कंटाळले.

"तुम्हीच काढा हो, वामनराव. फोटोपुरती मी धरेन."

मी काठी हातात घेतली. का घेतली, मला अजून सांगता येत नाही. गांडूळ आवाज न करता पिलांच्या कडेला उतरलं. इतकं चांगलं मला कधीच जमलं नव्हतं, आणि त्याचीच मला चीड आली.

दोरा कलला. बोटाला अगदी मंद कंप जाणवला. मनगट वर करायचं, बस्स. चैतूचा जाळ्यावरचा हात थांबला होता.

मी दोरा सैल सोडला. मरळीनं गांडूळ दोन हात लांब नेलं आणि थुंकून टाकलं.

"काय गुरुजी, झोप लागली का?" बापूराव म्हणाले, आणि साहेबांकडे वळले. "पुस्तकं चाळनारा मानूस, साहेब. हात कापते त्यायचा."

साहेब हसले. मी गप्प राहू शकलो असतो. दुपारपर्यंत असंच काही न धरता उभा राहिलो असतो, तर कोणाला कळलंही नसतं. सगळा जन्म मी तेच केलं आहे.

"तिनं धरलं होतं," मी म्हणालो. "मी ओढलं नाही."

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"पिलं आहेत तिची. बापूरावांना ठाऊक आहे. ते याच गावचे."

"गुरुजी," बापूराव हळू आवाजात म्हणाले, "कोनाशी बोलून राह्यले तुमी?"

"तुमच्याशी. मिल तुमची, सही साहेबांची, आणि मरळ गावाची द्यायची? लाज वाटायला हवी."

साहेबांनी काठीसाठी हात पुढे केला. "द्या इकडे."

मी दोरा दातांनी तोडला, गळ आणि गांडूळ रुमालात गुंडाळलं. "काठी माझी आहे." मग तिचे तुकडे सोडवायला लागलो. मधला सांधा निघेना. दोघं बघत उभे होते आणि सांधा काही निघेना. शेवटी ते जीपकडे गेले.

"लाइट जळते ना तुमच्या घरी?" बापूराव जाताना म्हणाले. "पाहू किती दिवस जळते तं."

जीप गेली. मी चैतूकडे पाहिलं. एखादा चांगला शब्द ऐकायला मिळेल असं मला वाटत होतं.

"काठी आनलीच काऊन?" तो म्हणाला.

"ते घरी आले, मग मी..."

"मंग कालच नाई म्हनाचं. मले तरी सांगाचं. सकाळपासून जीव मुठीत धरून बसून राह्यलो इथी. आता ओढते का मंग ओढते."

मला त्याचाही राग आला. एवढं बोलून वर हे ऐकायचं. मी चष्मा काढला.

"साहेब उद्यापावतर रेस्ट हाऊसवर हाय," चैतू जाळ्याची गाठ ओढत म्हणाला. "बापूराव दुसऱ्याची काठी घेऊन येईन."

"मग?"

"मंग काय. बसा इथी. बोलता येते ना आता तुमाले."

शिंगाड्यापाशी पाणी पुन्हा लाल झालं. मी चष्मा न पुसता तसाच डोळ्यांवर चढवला आणि पाळीवर त्याच्या शेजारी बसलो.