शिकवलेली उडी

लाडू जिना चढायला लागला की आजदे गावातल्या त्या इमारतीत सगळ्यांची कामं थांबत. पुढचे पाय पायरीवर टाकून तो मागचे दोन्ही जुळवून उडी मारायचा, मग पुन्हा पुढचे, पुन्हा मागची जोडी. तळमजल्यावर खुर्ची टाकून बसलेले काळुराम आप्पा मांडीवर थाप मारत म्हणायचे, "बग गो, ससा हाय ससा! कुत्रा म्हनून आनला नि ससा निंगाला!"

भावनाला ते बघवत नसे.

लाडू तिचा नव्हता. तो धाकट्या जावेचा, दर्शनाचा. भावनाचा सुलतान त्याचा सख्खा भाऊ, एकाच वेतातला. दोघींचे नवरे, आप्पांचे मुलगे देवेश आणि कमलेश, यांनी दोन्ही पिल्लं एकाच दिवशी, एकाच टोपलीतून आणलेली. रंग तोच, कान तेच. उलट सुलतान जास्त शहाणा, पायपुसण्यावर थांबल्याशिवाय घरात पाऊल टाकत नसे. पण आप्पांच्या ताटातला काटे काढलेला मासा जायचा लाडूच्या तोंडात.

माणसांचंही तसंच होतं. भावना प्राणिशास्त्रातली पदवीधर. आप्पांच्या गोळ्या, डॉक्टर, वीजबिलं, सगळं तिच्याकडे. दर्शना मात्र नुसती हसत जिन्यावरून उतरली तरी आप्पा म्हणायचे, "आली माजी पोर." भावना आली की म्हणायचे, "गोली द्यायची हाय का?"

एका मावसभावाच्या हळदीत बेंजोवाल्यांनी ठेका धरला आणि लाडू मांडवभर तशाच उड्या मारत सुटला. त्याचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर इतका फिरला की शहाडच्या आत्याने खास फोन करून दर्शनाचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी भावना बिस्किटांचा पुडा घेऊन सुलतानसोबत गच्चीवर गेली.

शिकवणं तिच्या हातात होतं. आधी मागचे पाय नुसते शेजारी आले तरी बिस्कीट. मग ते एकत्र उचलले तरच. मग पायरीवर. सुलतान हुशार, आठवडाभरात ससा झाला. भावनाने त्याला तळमजल्यावरून जिना चढवून दाखवला.

"हा पन करतंय?" आप्पा म्हणाले. "लाडूचा बगून शिकला वाटतं."

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. मग तिने ठरवलं, दर्शनाला कधी सुचणार नाही असं काहीतरी सुलतानसाठी करायचं. विमा.

कुत्र्यांचे विमे बरेच होते, पण भावना बारीक अक्षरं वाचणारी. बहुतेकांत 'जन्मजात व आनुवंशिक आजार वगळून' असं लिहिलेलं. आणि अशा मोठ्या जातीच्या कुत्र्यांना नेमका धोका असतो तो खुब्याच्या सांध्याचा, तोही आईबापांकडून आलेला. ते वगळलं तर विमा काढून उपयोग काय? तिने फोन केले, प्रश्न विचारले, उत्तरं ईमेलवर मागून घेतली. शेवटी एक पॉलिसी सापडली. खुब्यासकट सगळं त्यात होतं. फक्त आधी कुठलंही लक्षण दिसलेलं नसावं आणि तसा पशुवैद्याचा दाखला हवा.

"ताई, कसला विमा काढताय?" दर्शनाने विचारलं. "मला पण सांगा ना."

"अजून वाचतेय गं," भावना म्हणाली. तिचं सगळं वाचून झालेलं होतं.

खोपटला डॉक्टर आसावरींच्या दवाखान्यात टेबलावर बिस्किटांची बरणी होती. सुलतानने ती पाहिली आणि दारातूनच जोडपायांनी उड्या मारत आत शिरला.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "हा असाच धावतो?"

"हो. म्हणजे... का?"

"खुबा नीट बसलेला नसला की पिल्लं मागचे पाय असे जोडून टाकतात. एकेका पायावर भार सोसत नाही म्हणून. असा दाखला मला देता यायचा नाही. एक्स-रे काढू."

भावनाने एवढं वाचलं, पण पॉलिसीत आजारांची नावं होती, लक्षणं नव्हती. "डॉक्टर, त्याला काही झालेलं नाहीये. ते मी शिकवलंय."

"हे? कशाला?"

"त्याचा भाऊ करतो. घरात सगळ्यांना फार आवडतं."

"भावाला कोणी शिकवलं?"

बरणीकडे बघत सुलतान शेपटी हलवत होता.

एक्स-रे स्वच्छ आला. "आजचा चांगला आहे," डॉक्टर म्हणाल्या. "वाढत्या वयात पुढे काही निघणारच नाही असं मी सांगणार नाही. विमा काढताय ते बरंच. आणि त्या भावाला लवकर आणा. आत्ता कळलं तर बरंच करता येतं. त्याचा जिना मात्र आजपासून बंद."

दाखला घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली आणि मोबाइलवर अर्ज उघडला. शेवटचा प्रश्न होता: आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला आनुवंशिक आजार असल्याचं ठाऊक आहे का? अजून लाडूला कोणी तपासलेलं नव्हतं. 'नाही' लिहिलं तर आज कोणी खोटं म्हणू शकलं नसतं. पॉलिसी हातात येईपर्यंत गप्प बसायचं, बस. तेवढ्या दिवसांत लाडू किती वेळा दोन मजले चढला असता, आणि आप्पांनी प्रत्येक वेळी मांडीवर थाप मारली असती.

तिने अर्ज तसाच ठेवून फोन लावला. "दर्शना, लाडूला जिना चढू देऊ नकोस. उचलून घे."

"काय झालं ताई? सुलतान बरा आहे ना?"

हेसुद्धा हिला किती सहज येतं, भावनाच्या मनात आलं. आधी माझ्या कुत्र्याची चौकशी.

लाडूचे दोन्ही खुबे उथळ निघाले. भावनाने अर्जात 'हो, सख्खा भाऊ' असं लिहिलं. कंपनीने सुलतानला बाकी सगळं दिलं, खुबा तेवढा वगळला. इतकं शोधून काढलेलं होतं ते नेमकं लाडूने नेलं.

लाडू आता आप्पांकडे तळमजल्यावर राहायला आला. त्याला जाड गादी मिळाली, मालिशचं तेल मिळालं. दर्शना दिवसभर तिथेच. "ताईंनी ओळखलं म्हणून," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. लोक मान डोलवायचे आणि लाडूजवळ जाऊन बसायचे.

एका संध्याकाळी घोळक्याकडे बघत सुलतानने पहिल्या पायरीवर जोडपायांनी उडी मारली. आप्पा घाबरून उठले. "आगो भावना, याला पन जालं!"

"नाही आप्पा. तो नाटक करतोय. मी शिकवलेलं."

"तू? कशाला गो?"

दर्शना तिच्याकडे बघत होती. भावना म्हणाली, "तुम्ही कधी त्याच्याकडे बघतच नव्हता."

तिने बिस्कीट मुठीत धरलं आणि जिन्याशी उभी राहिली. सुलतानने उडी मारली, मूठ उघडली नाही. पुन्हा मारली, नाही. मग कंटाळून त्याने साधा एक पाय वर टाकला, मागून दुसरा. मूठ उघडली.

"शाब्बास," ती म्हणाली आणि वळून पाहिलं.

आप्पा खाली वाकून लाडूसाठी माशाचे काटे काढत होते.