खापर माझ्या खांद्यावर

बंदूक पुन्हा अडकली तेव्हा आमच्या नेमबाजी क्लबचा म्हातारा मर्ल हॅल्वर्सन मागून ओरडला, "खांदा, पोरी, खांदा! बंदुकीला टेकायला भिंत लागते. तू तिला पडदा दिलायस."

बाकावरचे सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हसला ग्रेडी, मर्लचा जावई.

मी नळीचं तोंड मैदानाकडे ठेवून आतला सरकता बोल्ट मागे ओढला. रिकामं काडतूस बाहेर पडायच्या दारातच आडवं अडकलं होतं आणि पुढचं त्याच्यामागे खोळंबलं होतं. माझी शॉटगन अर्धस्वयंचलित आहे. एक बार झाला की रिकामं काडतूस तिनंच बाहेर फेकायचं, पुढचं तिनंच आत घ्यायचं, आणि मी फक्त चाप ओढायचा. गेल्या शरदात तिनं हे काम एकदाही न कुरकुरता केलं होतं. मग हिवाळा आला, आणि क्लबच्या मंडळींनी तिच्यावर प्रेम केलं.

आमच्याकडे तशी पद्धतच आहे. मैदान बर्फाखाली गेलं की मर्लच्या शेडमध्ये शेगडीभोवती कॉफी पीत म्हातारे ठरवतात, या वर्षी कोणाची बंदूक सजवायची. मालकाला विचारायचं नाही. वसंतात ती थेट हातात ठेवायची आणि त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं. या वेळी पाळी माझी आली, कारण मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन लिंकनच्या विद्यापीठातून घरी परतत होते आणि माझी बंदूक आयतीच ऑरविलकाकाच्या कपाटात होती. मर्लनं पुढे काडतुसांची लांबलचक पोलादी नळी बसवली, जास्त काडतुसं मावावीत म्हणून. शेडमधल्याच वेंडेलनं बाजूला जादा काडतुसांचा धातूचा खण लावला. काकानं खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यात पारा भरलेली एक जाड नळी घातली, मला धक्का कमी बसावा म्हणून. शिवाय दस्त्यावर पितळी पट्टी: 'लेनोरासाठी, मर्ल, वेंडेल आणि ऑरविलकडून.'

मी तेव्हा खरंच खूश झाले होते. त्या पट्टीवरून बोट फिरवत बसले होते.

आता रविवारी राज्याच्या सामन्यासाठी चौघांचा संघ ठरायचा होता. तिघं नक्की होते. चौथी जागा माझी किंवा ग्रेडीची. गेल्या शरदात मी त्याला प्रत्येक फेरीत मागे टाकलं होतं, पण अडकणारी बंदूक घेऊन कोणी कोणाला मागे टाकत नाही. लोखंडी तबकड्या तिकडे उभ्याच राहतात आणि घड्याळ इकडे पळत राहतं.

आठवडाभर मी सगळ्यांचे सल्ले ऐकले. बंदूक पूर्ण उघडून साफ केली. तेल जास्त झालं असेल म्हणून पुसून काढलं, मग कमी झालं असेल म्हणून पुन्हा लावलं. स्प्रिंग बदलली. काडतूस खेचणारी नखी तपासली. काहीही फरक नाही. आणि प्रत्येक वेळी बाकावरून तेच: "खांदा!"

शनिवारी मर्लनं बंदूक माझ्या हातातून काढून घेतली. स्वतः भरली, स्वतः झाडली. धाड, धाड, धाड. तबकड्या ओळीनं आडव्या झाल्या, काडतुसं उडत बाहेर पडली.

"बघ. बंदूक ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या खांद्याकडे वळल्या, जणू तो एखादा खराब झालेला भाग होता आणि बदलून मिळत नव्हता.

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी खाली बघितलं. मर्लच्या पायाशी पडलेली काडतुसं काळी होती. माझी हिरवी असतात.

"मर्ल, तुम्ही काडतुसं कुठली भरलीत?"

"खिशातली. का?"

"ही रानबदकांच्या शिकारीची आहेत. जड."

"काडतूस ते काडतूस, पोरी."

माझं डोकं सणकलं. माणूसही बदलायचा, काडतूसही बदलायचं, आणि निकाल मात्र माणसाबद्दल द्यायचा! शाळेतल्या प्रयोगवहीतसुद्धा कोणी असं खपवून घेत नाही. मी माझी हिरवी काडतुसं त्याच्यापुढे धरली. "आता ही झाडा."

"हट्टी आहेस."

"झाडा तर खरं."

पहिला बार झाला. काडतूस दारात अडकलं. मर्लनं ते काढलं, पुन्हा झाडली, पुन्हा अडकलं. बाकावर कोणी हसलं नाही.

"खांदा, मर्ल," मी म्हटलं.

वेंडेलला ठसका लागला. मर्ल लाल झाला. "तुझी काडतुसंच रद्दी आहेत! हलकी!"

"सामन्यात हलकीच चालतात, नियम तुम्हीच वाचून दाखवता. आणि शरदात मी हीच वापरत होते."

"मग आमच्या कामात खोट आहे म्हणतेस? माझी नळी तपास. मिलिमीटरची चूक सापडली तर टोपी खाऊन दाखवतो."

तीच तर गंमत होती. मर्लची नळी निर्दोष होती, वेंडेलचा खणही, काकाची पाऱ्याची नळीही. प्रत्येकानं आपापलं काम तपासलं होतं आणि प्रत्येकाचं बरोबर होतं.

घरी आल्यावर मी ती तिन्ही ओझी उतरवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. ऑरविलकाका समोर बसला होता, कोबी-खिम्याचा पाव खात.

"काका, ही बंदूक कशावर चालते?"

"काडतुसावर."

"धक्क्यावर. बार झाला की अख्खी बंदूक झटक्यात मागे येते. आतला बोल्ट जड आहे, तो जागच्या जागी राहू बघतो. बस सुटताना उभा माणूस राहतो ना, तसा. त्यामुळे मधली स्प्रिंग दाबली जाते, आणि तीच मग बोल्टला मागे फेकते. बंदूक जितकी जड तितका झटका कमी. जड काडतूस असेल तर निभावतं. हलकं असेल तर स्प्रिंग पुरती दाबलीच जात नाही. धक्का हे तिचं अन्न आहे, काका. तुम्ही तिघांनी मिळून तिला उपाशी ठेवलंत."

काकानं पाव खाली ठेवला. त्याच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. हात वर नेताना तो अजून दात आवळतो. "तुझा खांदा माझ्यासारखा होऊ नये म्हणून घातली ती नळी."

"मला विचारलंस?"

"भेट काय विचारून देतात?"

"माझ्या खांद्याची काळजी होती ना तुला? मग आठवडाभर सगळे त्याच खांद्याला हसत होते तेव्हा गप्प का बसलास?"

पाऱ्याची नळी उचलून त्यानं कानाशी हलवली आणि आतला पारा सरकताना ऐकत राहिला.

रविवारी मी बंदूक शरदात होती तशी घेऊन गेले, फक्त पितळी पट्टी तेवढी राहू दिली. जुन्या आखूड नळीत काडतुसं कमी मावतात, त्यामुळे मला ग्रेडीपेक्षा जास्त वेळा भरावं लागणार होतं. ते मला मान्य होतं. हात चालवणं माझ्या ताब्यात आहे, अडकलेलं काडतूस नाही.

आधी ग्रेडीची फेरी झाली. चांगली झाली. मग माझी. पहिल्या बाराला खांद्यात कळ गेली आणि हिरवं काडतूस माझ्या उजवीकडून दूर उडून गवतात पडलं. मी हसले असणार, कारण वेंडेल नंतर म्हणाला की तबकड्या पाडताना इतके दात दाखवणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. बंदूक एकदाही अडकली नाही. एका ठिकाणी भरताना माझ्याच हातून काडतूस निसटलं, तरीही मी ग्रेडीपेक्षा कमी वेळात संपवलं.

मर्लनं घड्याळ दोनदा बघितलं. मग सगळ्यांकडे वळून, हात पसरून म्हणाला, "चौथी जागा लेनोराची! सांगत नव्हतो? बंदूक आपण नीट केली!"

टाळ्या पडल्या. माझ्या पाठीवर थापा पडल्या, त्याही नेमक्या दुखऱ्या खांद्यावर.

"आपण?" मी विचारलं.

"आता एवढ्या तेवढ्याचं काय धरून बसतेस, पोरी. सगळं तुझ्यासाठीच केलं होतं ना?"

मी बाकावर बसले, बंदूक रिकामी असल्याची खात्री केली आणि ती मांडीवर आडवी घेतली. पितळी पट्टीचे स्क्रू बारीक होते. नखानं फिरेनात.

"ती कशाला काढतेस?" मर्लचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तिचं असं कितीसं ओझं?"

"काहीच नाही," मी म्हटलं. तेही खरंच होतं. बंदुकीला त्या पट्टीनं काडीचा फरक पडत नव्हता.

कोणीतरी माझ्यापुढे छोटा स्क्रूड्रायव्हर धरला. वर बघितलं तर ऑरविलकाका होता, डाव्या हातानं धरून.

"डावीकडचा घट्ट बसलाय," तो म्हणाला. "मीच आवळला होता. जरा जोर लाव."