कृष्णातचं बाळसं

आपल्या भागात माणूस असो की म्हैस, पोट टम्म दिसलं की बघणाऱ्याचा जीव थंड होतो. कोडोलीचा केरबा ह्या बाबतीत आपल्या सगळ्यांच्या दोन पावलं पुढं. गावच्या दूध संस्थेत तो फॅट काढायला, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मोजायला होता. किटलीचं झाकण उघडल्याबरोबर दुधात पाणी किती ते आपल्याला कळतं, अशी त्याची स्वतःबद्दल समजूत होती. आणि ज्याला दूध कळतं त्याला दुधावर वाढणारा प्रत्येक जीव कळतो, ही दुसरी समजूत. ह्या दुसरीत वासरं, रेडकं आणि त्याचं स्वतःचं अडीच महिन्यांचं पोरगं असे सगळेच आले.

पोराचं नाव कृष्णात. हातपाय बेताचे, पण पोट असं की झबल्याचे बंद बांधायला पुरत नव्हते. डावी बाजू तर हाताला घट्टच लागायची. केरबाची बायको हौसा पोराला अंघोळ घालताना रोज तिथं येऊन थांबायची.

"अवो, हितं गोळ्यावाणी कायतरी लागतंय. दवाखान्यात दाखवूया की."

"बाळसं हाय ते," केरबा म्हणायचा. "तुझ्या दुधाला फॅट चांगलं हाय. मला कळंना व्हय?"

हौसा पोराच्या अंगावर पुढचा तांब्या ओतायची. फॅट काढणाऱ्यापुढं काय बोलणार?

त्याच सुमाराला, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, कोल्हापुरात एका महिला मंडळानं सुदृढ बालक स्पर्धा ठेवली. केरबानं पोराचं नाव घातलं आणि पहिला नंबर आपलाच, असं गावभर सांगूनही टाकलं. नजर लागू नये म्हणून लोक पोराच्या गालाला तीट लावतात. ह्या पठ्ठ्यानं पोटाला लावली.

हॉलमध्ये पोरांची नुसती जत्रा होती. तपासायला डॉक्टर पद्मजाबाई बसल्या होत्या. त्यांनी कृष्णातचं वजन घेतलं, मान हलवली, मग पोटावर हात ठेवला आणि तो उचललाच नाही. डावीकडं दाबून बघितलं, पाठीकडून दुसरा हात लावून बघितलं.

"खिडक्या लावून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि कुणाकडे बॅटरी आहे का?"

वॉचमननं बॅटरी आणून दिली. बाईंनी ती पोराच्या कमरेला टेकवून लावली, तशी डावी बाजू आतून लालसर उजळली. बॅटरी मुठीत धरल्यावर बोटं दिसतात, अगदी तशी.

केरबाची छाती फुगली. तो मागं वळून म्हणाला, "बघा पावणं! एवढ्या पोरांत बॅटरी लावून बघितलं ते आमच्याच पोराला."

मागच्या दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. आपलीच माणसं, कशाला वाजवतोय ते विचारायची पद्धत नाही.

"हे बाळसं नाही," पद्मजाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आत पाणी साठलंय. लघवी तुंबून मूत्रपिंड फुगलं असावं. स्पर्धा राहू दे, आजच्या आज मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्या त्याला."

"नेतो की बाई," केरबा म्हणाला. "पर नंबर कितवा आला?"

ह्या एका प्रश्नापायी केरबा पुढं जन्मभर स्वतःच्या नावानं शिमगा करत राहिला. कुणी आठवण काढायच्या आत तोच काढायचा. पण त्या क्षणी हौसानं पोर त्याच्या हातातनं घेतलं, पदराखाली धरलं, आणि पुढं कितीतरी दिवस त्याच्या हातात दिलं नाही.

मिरजेला पोराच्या शिरेत औषध सोडून पोटाचे एक्स-रे फोटो काढले. सर्जननी दोघांना समोर बसवून सांगितलं. मूत्रपिंडातून लघवी ज्या नळीनं खाली उतरते, तिचं तोंड जन्मतःच अरुंद होतं. लघवी वरच तुंबत होती आणि तिच्या दाबानं मूत्रपिंड फुगत चाललं होतं. तेवढा अरुंद भाग कापून नळी परत जोडायची होती.

"उजवी बाजू उत्तम आहे," ते म्हणाले. "डाव्या मूत्रपिंडात किती जीव उरलाय ते उघडल्यावर दिसेल. निकामी झालं असेल तर काढावं लागेल."

"आनि आदी आनलं असतं तर?" केरबानं विचारलं.

"आता आणलंय ना," सर्जन म्हणाले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर केरबाला बरं वाटलं असतं.

पोराला आत नेल्यावर हौसा बाकाच्या ह्या टोकाला बसली, केरबा त्या टोकाला. आपल्याकडच्या बायकांचं ओरडणं सोसता येतं. त्या गप्प बसल्या की मात्र कुठं तोंड लपवावं कळत नाही. गावातल्या एकेकाच्या किटलीतलं पाणी ह्यानं पकडलं होतं, चारचौघांत पाणउतारा केला होता. आणि पोटच्या पोराच्या पोटातलं पाणी साय म्हणून गावभर मिरवलं होतं. केरबाला आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना. पोराचं मूत्रपिंड गेलं तर ते आपल्या तोंडापायी गेलं, हे त्याला पक्कं कळलं होतं.

बऱ्याच वेळानं सर्जन बाहेर आले. "पातळ झालंय, पण जिवंत आहे. ठेवलंय. नळी जोडली."

कृष्णातच्या कुशीतून एक बारीक रबरी नळी बाहेर काढून बाटलीत सोडली होती. केरबा येता-जाता वाकून त्या बाटलीत बघायचा. एकदा उजेडापुढं धरून बघायला त्यानं ती उचललीच, तेव्हा नर्सबाईंनी त्याला व्हरांड्यात हाकललं. पुढं नळी निघाली, पोराला ताप आला नाही, दुपटी पहिल्यासारखी भिजायला लागली आणि घरी जायची परवानगी मिळाली.

एसटीत समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. तिनं हौसाच्या मांडीवर बघितलं. पोट सपाट, झबलं नुसतं लोंबतंय.

"काय गं बाई! पोरगं नुसतं चिपाड झालंय की. खायला घालतासा का न्हाई?"

हौसानं मान खाली घातली.

"चिपाडच हाय, मावशी," केरबा म्हणाला. आवाज नेहमीसारखाच मोठा, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा. "आई सांगत हुती पोटात गोळा हाय म्हणून. बापच येडा, त्येला बाळसं म्हणत बसला."

गाडीतली माणसं वळून बघायला लागली. हौसानंही त्याच्याकडं बघितलं, बराच वेळ. मग पदर बाजूला करून तिनं पोर उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"धरा. डाव्या अंगाला जपून."

केरबानं दोन्ही हात खाली घातले. पोर इतकं हलकं लागलं की त्याला दम घ्यायचीही भीती वाटली, आणि कोल्हापूर येईपर्यंत तो जागचा हलला नाही.