वाळूत उभ्या असलेल्यांचं शीड

मी एका होडीचं जुनं शीड आहे, मित्रांनो. मुरुडच्या कोळीवाड्यात मला शिवलं, आणि बरीच वर्षं मी हरेश्वर तांडेलाची होडी वाऱ्यावर नेली. हरेश्वर गेला, होडी विकली गेली. मला मात्र त्याच्या बायकोने, जनीने, ठेवून घेतलं.

स्वातंत्र्य आलं तशी कोळ्यांनी आपली संस्था काढली. सभेला अंथरायला काही नव्हतं, म्हणून जनीने मला दिलं. तो मान मला फार आवडला. होडीवाले नाखवे माझ्यावर बसत, बाया मागे वाळूत उभ्या राहत.

मला एक कुतूहल होतं. महाग मीठ, खचलेला रस्ता, होड्या लावायला धक्का नाही. दुखणी इतकी, तर सरकारकडे मागायला ही माणसं त्यातलं एकच कसं निवडतात? ऐकता ऐकता उमगलं. ज्यावर आपसात भांडण होणार नाही आणि साहेबही चिडणार नाही, तेच वर येई. दरवर्षी धक्काच वर येई.

एका वर्षी मासळी सुकवायच्या खळ्याला कुंपण पडलं. तिथे सरकारी विश्रामगृह व्हायचं होतं. जनीचं पोट सुक्या जवळ्यावर. ती वाळूतूनच म्हणाली, "धर्माजीदादा, आमच्या खळ्याचं काय?"

धर्माजी संस्थेचा अध्यक्ष, मनाने वाईट नव्हे. "वयनी, कुंपणाचं काढलं तर मामलेदार बिघडंल. मंग धक्का पन जाईल. अवंदा नको." माझ्यावर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला फार वाईट वाटलं, पण शिडाला कोण विचारतो?

पुढच्या सभेला मंडळी आली, तर मी नेहमीच्या जागी होतं आणि माझ्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत ओला जवळा पसरला होता. जनी काठीने कावळे हाकत होती.

"शीड माजं हाय," ती शांतपणे म्हणाली. "खळं न्हाय, मंग सुकवू कुठं?"

जवळ्यावर कोण बसणार? नाखवे बायांशेजारी तापल्या वाळूत उभे राहिले. पाय बदलत धर्माजीने कुंपणाकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," तो म्हणाला, "आधी खळ्याचं बोलू."

अर्धं खळं परत मिळालं. धक्का लांबला, आणि धर्माजीला त्यापायी बरंच ऐकून घ्यावं लागलं.

आता मी विरलं आहे, जनीच्या पडवीत घडी होऊन पडलं आहे. मला जपा, असं मी म्हणत नाही. तुम्हीही कधी सभा भरवाल, तेव्हा कडेला कोण उभं आहे तेवढं बघा. मी चांगलं ऐसपैस होतं, मित्रांनो. नाखवे जरा सरकून बसले असते, तर पहिल्या दिवशीच सगळे मावले असते.