छायाताईंच्या हातचा आकाशी रंग

मित्रांनो, मी एक जुनी, डबे वाहून नेणारी व्हॅन आहे. कर्जतच्या भिसेगावात, एका घराला लागून असलेल्या पत्र्याच्या पडवीत माझा मुक्काम असतो. मी नवी होते तेव्हा यंत्राने माझ्या अंगावर आकाशी रंग चढवला होता. आज तुम्हाला दिसतो तो रंगही आकाशीच आहे, पण तो माणसाच्या हाताने लागलेला आहे. तो कसा लागला, तेच तुम्हाला सांगते.

माझे मालक सखाभाऊ खोपोलीला शिळफाट्याजवळच्या एका गॅरेजात रंगारी होते. हातात फवाऱ्याची गन घेतली की ट्रकचे दारसुद्धा ते असे करून देत की त्यात तोंड दिसावे. रंगात एक केस चिकटलेला दिसला तरी सगळे घासून पुन्हा मारत. वीस-बावीस वर्षे त्यांनी हे काम केले. उकाड्यात नाकातोंडावर काही बांधले की त्यांना घुसमटल्यासारखे होई, म्हणून ते काहीच बांधत नसत. रंगाचा तो बारीक धूर श्वासाबरोबर आत जात राहिला. पुढे घराच्या चार पायऱ्या चढतानाही त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून सांगितले, की आता फवाऱ्याच्या जवळपासही फिरकायचे नाही. सखाभाऊंनी गन गॅरेजातच ठेवली आणि ते घरी बसले.

घर चालवण्यासाठी त्यांच्या पत्नीने, छायाताईंनी, जेवणाचे डबे सुरू केले. मोहोपाड्याला कामगारांच्या वसाहतीत रोज चाळीसेक डबे पोचवायचे होते. त्यासाठी त्या गाडी चालवायला शिकल्या. सुरुवातीला माझा गिअर करकर वाजायचा. मग हळूहळू आमचे जमले.

मी मात्र गंजत होते. दारांच्या खालच्या कडा फुगल्या, चाकांवरच्या पत्र्याचा रंग सोलून निघू लागला. सखाभाऊंच्या हाताखाली शिकलेला नीलेश आता त्याच गॅरेजात रंगारी आहे. गाडी आणून सोडा, दोन दिवसांत करून देतो, असे तो कितीदा तरी म्हणाला. सखाभाऊ ऐकत नसत. माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागायचा नाही, एवढेच म्हणत. आणि स्वतः तर ते रंगवू शकत नव्हते. असे चार पावसाळे गेले.

एके दिवशी वसाहतीच्या फाटकावर छायाताईंना अडवले. ज्या गाडीतून जेवण येते ती अशी गंजकी चालणार नाही, पुढच्या महिन्यापासून आत सोडणार नाही, असे रखवालदाराने सांगितले. परत येताना छायाताईंनी बाजारातून रंगाचा डबा, ब्रश आणि स्पंजचा छोटा रोलर घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कामाला लागल्या. सखाभाऊ ओट्यावर बसले होते.

"ब्रशनं गाडी रंगवतात का?" ते म्हणाले. "गाडी हाय का खिडकीचे गज?"

छायाताईंनी सरळ गंजावरच रंग लावायला सुरुवात केली. रंग जाड होता. दारावरून त्याचे ओघळ खाली आले. सखाभाऊ उठून आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग दारातच उभे राहिले.

"थांब, छाया. असा मारलास तर महिन्यात पापड निघतील."

"मग तुमी सांगा ना. मला काय ठावं?"

सखाभाऊंनी आतून एक स्वच्छ फडके आणून छायाताईंच्या हातात दिले.

"आधी हे तोंडाला बांध. मी बांधलं नाय."

त्या दिवसापासून ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, वारा त्यांच्याकडून माझ्याकडे वाहील असे बसू लागले. तिथून ते सांगत आणि छायाताई करत. गंज घासून पत्रा उघडा केला. खड्डे लांबीने, म्हणजे पुटीने, भरून सपाट केले, त्यावर रंगाआधीचा थर म्हणून तांबडा प्राइमर दिला. गाडीच्या नोंदणी पुस्तकात आकाशी लिहिले आहे, तेव्हा आकाशीच लावायचा, हेही त्यांनीच सांगितले. धूळ उडू नये म्हणून आधी जमिनीवर पाणी शिंपडायचे. रंग पातळ करायचा, रोलरने थोडाच घ्यायचा आणि एका वेळी एकच भाग पुरा करायचा. रात्रभर वाळू द्यायचा, सकाळी पाणी लावून बारीक पॉलिश कागदाने घासायचा आणि पुन्हा हात द्यायचा.

पण छायाताई रोलर फार दाबत. रंगात बुडबुडे येत.

"दाबू नको गं," सखाभाऊ म्हणाले. "माहेरी अंगण सारवायचीस ना? तसा फिरव हात."

छायाताई थांबल्या. मग त्यांचा हात हलका झाला, आणि तो माझ्या अंगावरून फिरताना मला पहिल्यांदाच बरे वाटले.

शेवटी मागचे दार राहिले. त्या दिवशी सखाभाऊंचा श्वास जरा मोकळा होता. त्यांनी फडके बांधले, उठून आले आणि रोलर हातात घेतला. छायाताई नको म्हणत होत्या. अर्धे दार सखाभाऊंनी इतके एकसारखे रंगवले की मी हलायचीही विसरले असते, आपणहून हलता येत असते तर! मग त्यांना खोकल्याची उबळ आली. रोलर खाली ठेवून, माझ्या बंपरला धरून ते कितीतरी वेळ वाकून उभे राहिले. छायाताईंनी त्यांना ओट्यावर नेऊन बसवले, पाणी दिले आणि उरलेले दार स्वतः पुरे केले. तोवर आधीच्या रंगाची कड वाळली होती. दाराच्या मधोमध एक रेघ उमटली.

सकाळी ती रेघ घासायला छायाताई कागद घेऊन आल्या. सखाभाऊंनी दारावरून बोट फिरवले.

"राहू दे ही," ते म्हणाले.

वसाहतीच्या फाटकावर मला आता कोणी अडवत नाही. त्याच आठवड्यात नीलेश आला. माझ्याभोवती एक फेरी मारून तो सखाभाऊंवर रागावला, तुम्ही परत गन धरलीत का म्हणून.

"नाय रं," सखाभाऊ म्हणाले. "हिनं केली. रोलरनं."

नीलेशने वाकून माझे दार पाहिले. मग छायाताईंना विचारले, वहिनी, रंग किती पातळ केला होता?

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, स्कूटर असेल. तिला पुसत जा, गंजाचा पहिला ठिपका दिसला की लगेच घासा, चार पावसाळे थांबू नका. आणि एखादी गाडी लखलखीत दिसली, तर ती कोणी रंगवली आणि तो माणूस आता कसा आहे, हेही विचारा. माझ्या मागे उभे राहिलात तर दारावरची रेघ तुम्हाला दिसेल. तिच्या डावीकडे सखाभाऊंचा हात आहे, उजवीकडे छायाताईंचा.